त्यांच्या पुतळ्याला हार, आणि तिला?

नवऱ्याला ऑफिसातून यायला अर्धा तास उशीर झाला की तुमचं कशात लक्ष लागत नाही, खरं ना? आमटी दोनदा गरम होते, मुलांवर उगाच आवाज चढतो, जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं काम थांबतं. तो आला की मनातली सगळी काळजी आपण रागाच्या रूपात बाहेर काढतो, 'एक फोन करता येत नाही का?' असं विचारतो आणि पान वाढायला घेतो. संसारातली ही नेहमीचीच गोष्ट.

आता आपल्याच गावातल्या पोलिस लाइनीत जरा डोकावून बघा. तिथे हा उशीर रोजचा आहे. गणपती आले की बंदोबस्त, नवरात्र आलं की बंदोबस्त, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, काही ना काही असतंच. आपल्या घरी दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान चाललेलं असतं तेव्हा त्या घरातला माणूस कुठल्या तरी नाक्यावर उभा असतो. त्याची बायको मुलांना उटणं लावते, फराळाचं ताट झाकून ठेवते आणि वाट बघते. वाट बघण्याची तिला इतकी सवय झालेली असते की शेजारणीने विचारलं तर ती सहज सांगते, 'येतील, ड्युटी आहे.'

एखाद्या रात्री मात्र तो येत नाही. त्याच्याऐवजी दारात त्याचे सहकारी उभे असतात, हातात टोपी घेऊन.

मैत्रिणींनो, आज अशाच एका माणसाची आठवण तुमच्याबरोबर काढायची आहे. पण नुसती आठवण काढून उठायचं नाही. त्यानंतरचं जे काम आहे ते पोलिस खात्याचं नाही, सरकारचंही नाही. ते तुमचं-माझं आहे.

चौपाटीवरची ती रात्र

तुकाराम गोपाळ ओंबळे हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. आधी ते सैन्यात होते, सिग्नल विभागात. तिथून नाईक म्हणून निवृत्त झाले आणि १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून लागले. सैन्यातून परत आलेला माणूस, घरी बायको आणि चार मुली. आरामाची नोकरी शोधली असती तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी पुन्हा खाकी कपडे चढवले. २००८ साली ते डी. बी. मार्ग पोलिस ठाण्यात सहायक फौजदार होते.

२६ नोव्हेंबर २००८. समुद्रमार्गे आलेले दहा अतिरेकी त्या रात्री कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले आणि जोड्याजोड्यांनी शहरात पसरले. त्यांतल्या दोघांनी, अजमल कसाब आणि इस्माईल खान यांनी, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार केला. गावाला जाणारी, बोचकी-बाचकी घेऊन फलाटावर बसलेली साधी माणसं होती ती. पन्नासाहून जास्त जीव तिथे गेले. मग ते दोघे कामा हॉस्पिटलकडे वळले. बायकांचं आणि बाळंतिणींचं हे हॉस्पिटल. त्याच्या मागच्या रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिन्ही अधिकारी त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. अतिरेक्यांनी त्यांचीच गाडी पळवली. पुढे तिचा टायर गेला, तेव्हा दुसरी गाडी हिसकावून घेतली आणि ते मरीन ड्राइव्हने निघाले.

गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी लागली होती. वायरलेसवर निरोप आला होता की अमुक रंगाची गाडी येते आहे. मध्यरात्र उलटून गेली होती. गाडी आली, अडथळे बघून थांबली. समोरच्यांचे डोळे दिपावेत म्हणून तिचे दिवे पूर्ण लावलेले, काचेवर पाणी उडवून वायपर चालू केलेले. मग ती वळवायचा प्रयत्न झाला आणि गाडी दुभाजकावर अडकली. गोळीबार झाला. इस्माईल पोलिसांच्या गोळीने कोसळला. दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर आला, हातात एके-४७ बंदूक.

ओंबळ्यांच्या हातात काय होतं? लाठी.

ते पुढे धावले आणि त्यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. कसाबने चाप ओढला. गोळ्या त्यांच्या अंगात शिरत होत्या तरी त्यांनी नळी सोडली नाही. तेवढ्या वेळात बाकीचे पोलिस कसाबवर तुटून पडले आणि तो जिवंत हाती लागला. ओंबळे मात्र गेले.

आपण बायका मुलांना सांगतो, तापलेल्या तव्याला हात लावू नकोस. हात आपोआप मागे येतो, शरीराचा धर्मच आहे तो. या माणसाने आगीवर हात ठेवला आणि तो मागे घेतला नाही. धैर्य म्हणजे काय ते मुलांना समजावून सांगायचं असेल तर दुसरं उदाहरण शोधायला नको.

एक माणूस जिवंत पकडल्याने काय झालं?

काही जण विचारतात, शेवटी त्याला फासावरच द्यायचं होतं, तर जिवंत पकडून मिळवलं काय? याचं उत्तर आपल्याला ठाऊक असायला हवं, कारण ओंबळ्यांच्या मरणाचं मोल त्यातच आहे.

त्या तीन दिवसांत १६६ जण मेले. दहांपैकी नऊ अतिरेकी मारले गेले. हे अतिरेकी खोटी भारतीय ओळखपत्रं घेऊन आले होते, त्यांवर इथलीच नावं आणि इथलेच पत्ते होते. दहाही जण मेले असते तर ती ओळखपत्रंच बोलली असती. ही माणसं कोण, कुठली, कुणी पाठवली, यावर वर्षानुवर्षं वाद चालला असता आणि आपल्याच देशात शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने पाहिलं असतं. कसाब जिवंत सापडला म्हणून कटाचा धागा हाती आला. फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तान सरकारलाही मान्य करावं लागलं की कटाचा काही भाग त्यांच्या भूमीवर शिजला होता.

आणि त्याच्यावर रीतसर खटला चालला. त्याला वकील दिला गेला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात शिक्षा अमलात आली. सूड आणि न्याय यांत जो फरक असतो तो एवढ्या सगळ्या कागदपत्रांत असतो. लाठी घेऊन उभ्या असलेल्या एका सहायक फौजदाराने तो फरक आपल्याला मिळवून दिला.

२६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झालं. शांततेच्या काळातला हा सर्वोच्च शौर्य सन्मान. दिल्लीच्या त्या सोहळ्यात राष्ट्रपती होत्या प्रतिभाताई पाटील, आपल्या जळगावच्या. एका बाईच्या हातून तो सन्मान घ्यायला एकामागून एक बायकाच पुढे येत होत्या. करकरे, कामटे, साळसकर यांच्या पत्नी आल्या, ओंबळ्यांच्या पत्नी आल्या. टेलिव्हिजनवर ते दृश्य बघताना कितीजणींनी डोळ्यांना पदर लावला असेल!

पुढे चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा राहिला. ठाण्याच्या परिसरात सापडलेल्या उडी मारून भक्ष्य पकडणाऱ्या एका कोळ्याला २०२१ मध्ये अभ्यासकांनी त्यांच्यावरून 'तुकारामी' असं नाव दिलं. केडंबे गावात स्मारक बांधायला सरकारने २०२५ मध्ये मंजुरी दिली. माणूस गेला, नाव राहिलं, असं आपण म्हणतो ते हेच.

एकटे तेच नाहीत

मुंबईतल्या त्या रात्रीची आठवण आपल्याला असते, कारण ती आपण डोळ्यांनी पाहिली. पण पोलिसांचा आपला असा एक स्मृतिदिन आहे, तो मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो. २१ ऑक्टोबर हा तो दिवस.

१९५९ साली याच तारखेला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज या ठिकाणी, परत न आलेल्या सोबत्यांना शोधायला निघालेल्या आपल्या पोलिसांच्या तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला. दहा पोलिस मरण पावले. त्या काळी त्या सरहद्दीवर पहारा पोलिसांचाच होता. तेव्हापासून हा दिवस पाळला जातो. मुंबईत नायगावच्या पोलिस मैदानावर संचलन होतं आणि त्या वर्षात देशभर कर्तव्य बजावताना गेलेल्या पोलिसांची नावं वाचून दाखवतात. एकेक नाव, सावकाश. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलिस स्मारक आहे, २०१८ सालच्या २१ ऑक्टोबरलाच ते खुलं झालं. स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्या चौतीस हजारांहून जास्त पोलिसांची नावं तिथल्या भिंतीवर कोरली आहेत.

चौतीस हजार! आपलं एखादं तालुक्याचं गाव भरेल एवढी ही संख्या. आणि प्रत्येक नावामागे एक घर.

यांत सगळे पुरुषच आहेत असंही समजू नका. १३ डिसेंबर २००१ ला दिल्लीत संसदेवर हल्ला झाला तेव्हा प्रवेशद्वाराशी कमलेश कुमारी नावाची केंद्रीय राखीव पोलिस दलाची शिपाई उभी होती. तिच्याजवळ शस्त्र नव्हतं, वॉकी-टॉकी होता. आत शिरलेल्या गाडीतले लोक वेगळेच आहेत हे तिच्या ध्यानात आलं. ती ओरडली, तिने बाकीच्यांना सावध केलं, आणि गोळ्या तिच्यावर आल्या. तिलाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. दोन लहान मुलींची आई होती ती. त्या सकाळी तिनेही मुलींची वेणी-फणी आणि डबा उरकूनच घर सोडलं असेल. नोकरी करणाऱ्या कुठल्या बाईची सकाळ वेगळी असते?

ज्यांनी डोळे पुसून प्रश्न विचारले

वीरपत्नी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी साडी, खाली घातलेली मान आणि हातातला तो चौकोनी डबा येतो. पण त्या रात्री विधवा झालेल्या बायकांनी पुढे काय केलं, तेही ऐका.

विनिता कामटे यांना कळेना की आपला नवरा नेमका कसा गेला. वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगत होते. त्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला, पोलिस नियंत्रण कक्षातल्या त्या रात्रीच्या वायरलेस संभाषणाच्या नोंदी मागितल्या. पाठपुरावा केला, नोंदी मिळवल्या आणि मिनिटामिनिटाचा हिशेब मांडत बसल्या. मदत केव्हा मागितली, निरोप केव्हा गेला, पोहोचायला उशीर का झाला. त्यातून २००९ साली 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक त्यांनी पत्रकार विनिता देशमुख यांच्या साथीने लिहिलं.

कविता करकरे शिक्षिका होत्या. नवऱ्याच्या अंगावर होतं ते बुलेटप्रूफ जॅकेट कसलं होतं, त्याच्या खरेदीचे कागद कुठे आहेत, हे त्यांनी विचारलं. माझा नवरा गेला तो गेला, पण उद्या दुसरीचा जाऊ नये, हाच त्या प्रश्नाचा अर्थ होता. २०१४ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचं निधन झालं, तेव्हा मुलांनी त्यांचे अवयव दान केले.

संसारात आपण किराण्याच्या बिलातले चार रुपये जास्त लागले तरी दुकानदाराला विचारतो. या बायकांनी सरकारला हिशेब विचारला, एवढाच काय तो फरक. प्रश्न विचारणं म्हणजे गेलेल्याचा अपमान नव्हे. त्याच्या मरणातून मागे राहिलेल्यांनी काही शिकावं, ही त्याची खरी आठवण.

तेराव्यानंतरचं घर

आता आपल्याकडे वळू या. उद्या आपल्या शहरात, आपल्या ओळखीच्या कुणावर हा प्रसंग आला तर आपण काय करतो? सलामी होते, तिरंगा येतो, पुढारी येतात, फोटो निघतात. दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. शेजारपाजारच्या बायका पिठलं-भात करून नेतात. आपल्याकडची ही चाल चांगलीच आहे, ती मोडू नका.

पण तेरावं झालं की एकेक जण पांगतो. महिन्याभराने त्या घरात गॅस संपतो, मुलाच्या शाळेची फी भरायची असते, सासूबाईंची औषधं आणायची असतात, आणि तिला रस्त्यापर्यंत जायलाही पाय उचलवत नाही. मदतीची खरी वेळ तेव्हा असते. म्हणून थोड्या साध्या गोष्टी सांगते, त्या लक्षात ठेवा.

'काही लागलं तर सांग हं,' असं म्हणून परत येऊ नका. कुठली मानी बाई सांगेल? त्यापेक्षा 'उद्या बाजारात जाते आहे, तुझी भाजी आणते,' किंवा 'पोरांना शाळेतून मी आणते, माझ्या पोराबरोबर बसतील अभ्यासाला,' असं नेमकं म्हणा. तिला नाही म्हणायची वेळच येऊ देऊ नका.

'तुझा नवरा अमर झाला' हे वाक्य भाषणात शोभतं, स्वयंपाकघरात नाही. तिला तो अमर नको होता, घरी यायला हवा होता. तिथे गप्प बसलेलं बरं. तिने बोलायला सुरुवात केली तर ऐका. तो चिडका होता, घोरायचा, चहात दोन चमचे साखर लागायची, असलं काही ती सांगेल. हसू आलं तर हसा. पुतळ्याला कोणी घोरताना बघत नाही, पण तिला आठवतो तो माणूस.

मुलांच्या बाबतीत एक सावधगिरी घ्या. 'आता तूच घरातला मोठा' असं दहा वर्षांच्या पोराला सांगू नका. त्याला खेळायला बोलवा.

कागदपत्रांची पिशवी

हा भाग पोलिसाच्या बायकोसाठी आहे तसा तुमच्या-आमच्यासाठीही आहे. मंगळसूत्राइतकंच ज्याला जपावं असं आणखी एक काही घरात असतं, ते म्हणजे कागद. बोलायला अभद्र वाटतं म्हणून आपण विषय टाळतो आणि वेळ आली की परक्यांच्या तोंडाकडे बघत बसतो.

लग्नाच्या नोंदणीचा दाखला काढून ठेवा. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, नवऱ्याच्या नोकरीतल्या नोंदी, या सगळ्यांवर तुमचं नाव एकसारखं आहे ना, ते पाहा. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असलं तर हेलपाटे ठरलेले. भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि बँक यांत वारस म्हणून कोणाचं नाव लावलं आहे ते नवऱ्याला विचारा. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असतं आणि नंतर ते बदलायचं राहून जातं, असं पुष्कळ घरांतून होतं. तुमच्या स्वतःच्या नावाचं एखादं खातं असू द्या, आणि ते तुम्हाला चालवता येऊ द्या. एटीएमचं कार्ड कपाटात आणि आकडा नवऱ्याच्या डोक्यात, असं नको.

आणखी एक. बँकेत नॉमिनी म्हणून नाव असलं म्हणजे पैसे आपलेच झाले असं नाही. बँक पैसे त्या माणसाच्या हाती देते, पण कायद्याने जे वारस असतील त्यांचा हक्क राहतोच. म्हणून मृत्युपत्राचा विषयही घरात निघू द्या.

सरकारी नोकरीत असताना माणूस गेला तर कुटुंब निवृत्तिवेतन असतं, अनुकंपा तत्त्वावर घरातल्या एकाला नोकरीसाठी अर्ज करता येतो. पण त्याला मुदत असते, अटी असतात. राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचे निवृत्तिवेतनाचे नियमही वेगळे आहेत, ते नवऱ्याच्या ऑफिसातून नीट समजून घ्या. सरकारी क्वार्टरही कायम राहत नाही. दुःखात असलेल्या बाईला या तारखा आठवणार नाहीत. तिच्या बाजूला बसून वहीत तारखा लिहून देणारी, तिच्याबरोबर कचेरीत जाणारी एखादी मैत्रीण लाख रुपयांची. ती तुम्ही होऊ शकता.

आणि आता हळदीकुंकू

हे सगळं आपण करूही. पण एक गोष्ट अशी आहे की तिथे आपला हात आखडतो. तिच्यासाठी पैसे लागत नाहीत, कचेरीत जावं लागत नाही, तरीही आखडतो.

२६ नोव्हेंबरला आपण मेणबत्त्या लावतो. सभेत वीरपत्नीला पहिल्या रांगेत बसवतो, शाल-श्रीफळ देतो, तिच्या पाया पडतो. त्यानंतर दीड महिन्याने संक्रांत येते. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होतं. वाणाच्या वस्तू आपण आठवडाभर आधी आणून ठेवतो, यादी करतो. त्या यादीत तिचं नाव असतं का?

खरं सांगा. नसतं ना?

तिला बोलावलं तर तिला वाईट वाटेल, असं आपण म्हणतो. तिला विचारलंय कधी? शेजारच्या दारातून बायका नटून-थटून जाताना दिसतात, तिळगुळाच्या वड्यांचा वास येतो, आणि आपल्या दारावर कोणी टकटक करत नाही. वाईट वाटतं ते याचं. ज्या माणसाने दुसऱ्यांच्या कुंकवासाठी आपला जीव दिला, त्याच्याच बायकोला आपण कुंकवाच्या ताटापासून लांब बसवतो. त्याच्या पुतळ्याला हार आणि तिला उंबऱ्याबाहेर जागा, हा कुठला मान?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. खेड्यातल्या माणसांनी हात वर करून हे ठरवलं. आपण शहरातल्या, शिकलेल्या. आपल्याला ग्रामसभा भरवायची गरज नाही. आपल्या घरातलं हळदीकुंकू आपलंच असतं, त्याच्या यादीला कुणाची परवानगी लागत नाही.

कोणी म्हणेल, सासूबाई काय म्हणतील? त्यांना विचारा तर खरं. जुन्या बायकांनी या बाबतीत किती सोसलेलं असतं ते आपल्याला माहीत नसतं. एखादी सासू आपणहून म्हणेल, 'बोलव गं तिला.' नाही म्हणाल्या तरी हळूहळू पटेल. पहिल्या वर्षी वाण द्या, दुसऱ्या वर्षी फुलं, तिसऱ्या वर्षी कुंकू. आणि तिला कुंकू नको असेल तर तोही तिचा मान. विचारायचं आपण, ठरवायचं तिने.

तिला बोलवायला जाल तेव्हा मात्र दयेने जाऊ नका. 'तू आलीस तर बरं वाटेल' असं हळू आवाजातही म्हणू नका. बाकीच्या मैत्रिणींना बोलावता तसंच बोलवा. 'शुक्रवारी पाच वाजता ये, आणि येताना तुझी ती चकलीची सोऱ्या घेऊन ये, माझी बिघडलीय,' असं म्हणा. बाई माणसात येते ती अशी.

पोलिसाची आठवण रोजची

शेवटी एक छोटी गोष्ट. गेलेल्यांचा मान राखायचा तर जे आहेत त्यांचा जीव सांभाळायला हवा. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलिस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तिथल्याच एका शिपायाने अभ्यास करून ती योजना मांडली होती. बारा-चौदा तास उभा राहणारा माणूस थकतो, आजारी पडतो, चिडतो, हे कळायला मोठी विद्या लागत नाही, घरचं एवढं कामकाज करणाऱ्या आपल्याला तर नाहीच.

तेव्हा गणपतीत तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जो पोलिस किंवा जी पोलिस बाई सकाळपासून उभी असेल, तिला प्यायला पाणी न्या. बाई असेल तर घरचं न्हाणीघर वापरायला सांगा. बंदोबस्तावरच्या बायकांची सगळ्यात मोठी अडचण तीच असते आणि ती त्या कुणाला सांगू शकत नाहीत. गाडीवर मागे बसून हेल्मेटशिवाय निघालेल्या नवऱ्याला पोलिसाने अडवलं तर 'सोडा हो साहेब' म्हणण्याऐवजी नवऱ्यालाच हेल्मेट आठवण करून द्या. आणि मुलांना 'जेव, नाहीतर पोलिस येईल' अशी भीती घालणं आजपासून बंद करा. पोलिस आला तो आपल्यासाठीच आला होता, चौपाटीवर, लाठी घेऊन, हे त्यांना सांगा.

येत्या २१ ऑक्टोबरला आणि २६ नोव्हेंबरला देवाजवळ एक पणती जास्त लावा. आणि संक्रांतीची यादी करायला बसाल तेव्हा पोलिस लाइनीतल्या त्या घराचं नाव यादीच्या शेवटी नको, वरच कुठेतरी घाला.